चिमणीची बाटली

बाळंतपणाची रजा संपवून ताई प्रयोगशाळेत परतली, तर तिच्या टेबलापाशी चिमणी बसलेली. खुर्चीसुद्धा स्वतःच्या आखूड पायांच्या बेतानं खाली केलेली! चिमणी म्हणजे सरांची नवी विद्यार्थिनी. टेबलाबरोबर ताईचं कामही तिच्याकडे गेलं होतं. लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांवर कर्करोगाचं औषध चढवायचं, ते उंदराच्या शिरेतून सोडायचं आणि मांडीवरच्या गाठीवर चुंबक धरून कण तिथंच अडवायचे. औषध गाठीला भिडतं, बाकीचं शरीर वाचतं.

"काय हलका हात आहे पोरीचा!" सर म्हणायचे. आपलं लेकरू दुसरीच्या कडेवर खुदुखुदु हसताना बघावं, तसं ताईला व्हायचं. आजचा प्रयोग साधला की काम कायमचं चिमणीचं, असं सर बोलूनही बसले होते.

प्रयोगाला तासभर उरला होता. चिमणी उंदीर आणायला गेली होती आणि तिच्या औषधाची बाटली ढवळणीच्या यंत्रावर ठेवलेली होती. ताईनं सहज डोकावलं. ढवळणी चुंबकाची! बाटलीतल्या चुंबकाच्या कांडीला सगळे कण दाढीसारखे चिकटलेले, औषध त्यांच्याबरोबर गेलेलं, आणि उरलं होतं नुसतं पाणी.

ताईनं तोंड फिरवलं. चहा घेतला. 'मी काय सांगू? हलका हात आहे ना!' चहा कडू लागला. पिंजऱ्यातले उंदीर घेऊन चिमणी आत आली, तशी ताईच्या तोंडून निघूनच गेलं, "अगं शहाणे, चुंबकाकडे धावणारं औषध चुंबकानंच ढवळतेस?"

चिमणी पांढरीफटक पडली. "ताई, आता हो?"

फ्रिजमध्ये ताईची बाटली होती. हात अजून विसरला नाही, हे सरांना दाखवायला तिनं कालच गुपचूप बनवलेली. क्षणभर ती दार धरून उभी राहिली. मग बाटली टेबलावर आदळलीच. "घे. आणि रडू नकोस, उंदीर बिचकतील."

सर आले. इंजेक्शन झालं, गाठीवर चुंबक बसलं, तपासणीत कण नेमके तिथंच गोळा झालेले दिसले.

"शाब्बास चिमणे!"

"सर, हे औषध ताईंचं. माझं मी मूर्खासारखं घालवलं."

सर ताईकडे वळले. "मग पुढचं काम तूच बघ."

हवं ते मिळालं होतं. तरी खुर्ची उंच करताना ताई मनातल्या मनात चरफडत होती. खरं बोलून मोकळी झाली मेली! आता हिच्यावर धड जळायचीसुद्धा सोय राहिली नाही.