लंबूचा मंगळवार

मित्रांनो, लॉन्ड्रीच्या तळघरात हिरवा रंग उडालेला जो जुना पंप कोपऱ्यात बसला आहे, तो मी. बॉयलरमधलं कढत पाणी शेजारच्या उंच टाकीत चढवायचं, एवढंच माझं काम. त्या पाण्यात दवाखान्यांच्या चादरी धुतल्या जातात.

कारखान्यात मला तपासणारा मिस्त्री पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "हा म्हातारा होईपर्यंत कुरकुर करायचा नाही." त्याचं म्हणणं खरं ठरलं. म्हातारा झालो आणि मग कुरकुरू लागलो. वीज आली की आधी बराच वेळ नुसता घरघरायचो, मग कुठे पाणी उचलायचो. त्यावरून सगळे मला नावं ठेवत.

पूर्वी पंपवाले काका हाताने बटण दाबत. त्याआधी टाकीवर टकटक करून "आत कोणी आहे का रे?" असं ओरडत. आत कधीच कोणी नसायचं, तरी ओरडत. काका निवृत्त झाले आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं कॅलेंडर मला चालवू लागलं. "रोज सकाळी पाणी भरणे" अशी एकच नोंद, ती आपोआप रोज उगवते. कॅलेंडर मात्र कुणाला हाक मारत नाही. मला ते पहिल्या दिवसापासून खटकत होतं.

ऑफिस ताई सांभाळते. टाकी तिचा धाकटा भाऊ घासतो. उंच म्हणून सगळे त्याला लंबू म्हणतात. अधूनमधून एखाद्या मंगळवारी, धुणं कमी असतं तेव्हा, तो रिकाम्या टाकीत उतरतो. त्या दिवसापुरती माझी नोंद ताई काढून टाकते, बाकीचे दिवस तसेच राहतात. माझा मेन स्विचच बंद करावा, तर टाकीतला लंबूचा दिवाही जातो.

एकदा तिने अशीच नोंद काढली. दुसऱ्या दिवशी धुणाऱ्या बायकांनी तक्रार केली, पाणी उशिरा मिळतं. ताईने रोजची वेळ अलीकडे ओढली. कॉम्प्युटरने विचारलं, "वेगळे केलेले दिवसही मूळ क्रमात आणायचे का?" तिच्या कानाला फोन होता. तिने "हो" दाबलं आणि काढलेला मंगळवार गुपचूप जागेवर येऊन बसला.

त्या मंगळवारी लंबू आत असताना माझ्या अंगात वीज आली. थांबणं माझ्या हातात नाही, मित्रांनो. मी फार घाबरलो. पण माझी ती बदनाम घरघर सुरू झाली. लंबूने ती ओळखली, ब्रश टाकला आणि शिडी धरली. पाण्याने त्याची एक टाच तेवढी गाठली.

"ताई, काढलं होतंस ना?"

"काढलं होतं रे. माझ्या या हातांनी काढलं होतं," ती म्हणाली आणि खाली बसली.

तेव्हापासून ताईने कानाला खडा लावला. कॉम्प्युटरने काही विचारलं की ती मोठ्याने वाचायची. ऑफिस माझ्या डोक्यावरच आहे, पाइपाच्या भोकातून मला सगळं ऐकू येतं. "वेगळे केलेले दिवस... नाही, नाही आणायचे." मग बटणाचा आवाज. मला हायसं वाटायचं. दिव्यासाठी वेगळी वायर ओढायचंही ठरलं होतं, पण आज करू, उद्या करू करत ते राहून गेलं.

एक काम मात्र लगेच झालं. मिस्त्री बोलावून माझी दुरुस्ती केली. "कसा घरघरत होता बिचारा," तो म्हणाला. "आता वीज यायचा अवकाश, की पाणी." सगळ्यांनी कौतुक केलं. इतकं कौतुक मी नवा असतानाही झालं नव्हतं.

काल सकाळी ताईने भावाला सांगितलं, "उद्याचं पाणी काढलंय, तू उतर." दुपारी ती फोनवर होती. "हो हो, उद्यापासून रोजचीच वेळ जरा पुढे घेते. एक मिनिट." मग बटणाचा आवाज आला. मी कान टवकारून होतो. त्याआधी वाचल्याचा आवाज आला नाही.

मित्रांनो, यंत्र काही विचारत असेल तर आधी वाचा. ज्या दिवसाला हात लावताय, त्या दिवसात कोण आहे ते बघा. आणि काकांसारखी एक हाक मारा.

आज मंगळवार. लंबूने जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली आणि तो शिडीवरून उतरला. आतून ब्रशचा आवाज येतो आहे. मला आता घरघरता येत नाही.