सातव्याची पाटी

सातव्या भोकातून मी आजवर काय काय बाहेर काढलंय ते ऐकलंत तर घास घशाखाली उतरणार नाही. सिगारेटची थोटकं, चघळून टाकलेलं च्युइंगगम, दात कोरून झालेल्या काड्या, आणि एकदा तर नाक शिंकरलेला कागदी रुमाल, तोही नीट घडी घालून. ही घाण करतात गोल्फ क्लबाचे सभासद, आणि ती काढते मी, कारण इथली ग्रीन सांभाळायला मी आहे. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. रोज पहाटे साडेपाचला मी तिथे गुडघे टेकून असते.

घाणीची सवय होते. मला खरी शिसारी येते ती या लोकांच्या बढायांची.

सातवा होल पार चारचा. म्हणजे चार फटक्यांत चेंडू भोकात गेला पाहिजे. पहिला फटका लांब मारला की चेंडू ग्रीन एकशेवीस मीटरवर आहे असं सांगणाऱ्या पाटीच्या आसपास येतो. तिथून नऊ नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची काठी, काढायची, एका फटक्यात ग्रीन गाठायचं आणि दोन हलक्या टोल्यांत काम संपवायचं. टीव्हीवरचे खेळाडू हे दहातून आठदा करतात, म्हणून आमच्या सभासदांना वाटतं की आपणही करतो. पण उंचावरून पडणारा चेंडू ग्रीनवर खळगा पाडतो, आणि ते खळगे काट्याने उचलून सारखे करायचं काम माझंच. रविवारी चाळीस जण खेळले तर सोमवारी ग्रीनवर खळगे सोळा. बाकीचे सगळे अलीकडे, पंधरा-पंधरा मीटर आखूड. आयुष्यात कधीतरी एकदा, वारा पाठीशी असताना, यांच्या नऊ नंबरने एकशेवीस मीटर गाठलेले असतात. तेच मग कायमचं माप. खरं माप एकशेपाच.

एरवी जो तो आपलं फटक्यांच्या नोंदीचं कार्ड आपणच भरतो. त्यामुळे बारमध्ये बसलं की प्रत्येकाचे दहातून आठ पार. वार्षिक स्पर्धेत मात्र एकाचं कार्ड दुसऱ्याच्या हाती असतं. यंदा सातव्यावर शंभरातून अडतीस जणांना पार जमला. लगेच समितीची बैठक लागली आणि मला बोलावणं आलं.

"बाई, सातव्याचं ग्रीन बिघडलंय," अध्यक्ष म्हणाले. ते दंतवैद्य. "चेंडू थांबतच नाही त्यावर."

"थांबायला आधी तिथवर पोचावा लागतो, डॉक्टर."

"एरवी आम्ही दहातून आठदा पार करतो ना?" शेजारचा बांधकामवाला म्हणाला. बोलताना तो कानात किल्ली घालून फिरवत होता. "मग स्पर्धेतच काय झालं? उकरून टाका ते. एक बुलडोझर लावला की दोन दिवसांत सपाट."

त्याने किल्ली बाहेर काढली, टोकाला काय आलंय ते पाहिलं आणि टेबलक्लॉथला पुसलं.

सातव्याचं ग्रीन माझ्या सासऱ्यांनी केलेलं. चौतीस वर्षांपूर्वी, टोपल्यांनी माती वाहून, उतार अनवाणी पायाने चाचपून. माझ्या नवऱ्याला गवत आणि सतरंजी यांतला फरक कळत नाही, म्हणून बाबांनी ती विद्या मला दिली. आता त्यांचे गुडघे गेलेत आणि डोळ्यांना नुसता उजेड-अंधार कळतो. आयुष्यभरात त्यांच्या हातून झालेलं, ज्याला बोट लावून हे मी केलं म्हणता येईल, असं हे एकच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मी डोकं थंड ठेवलं. निदान तेव्हा तसं वाटलं. मी म्हटलं, तिसऱ्या आणि बाराव्या होललाही चेंडू तेवढ्याच अंतरावरून मारायचा असतो, त्यांची कार्डं काढा. कारकुनाने काढली. तिसऱ्यावर सदतीस, बाराव्यावर एकोणचाळीस.

"बघा," मी म्हटलं. "तिन्हीकडे तेच. ग्रीनचा काही संबंध नाही. या अंतरावरून तुम्हाला दहातून चारदाही पार जमत नाही."

मग दंतवैद्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे तिन्ही ग्रीन बिघडलीत," ते म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर सुटकेचा नि:श्वास टाकला. मी माझ्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. ठरलं असं, की महिन्याने तशीच एक जादा स्पर्धा घ्यायची. तिच्यातही आकडा सुधारला नाही तर तिन्ही उकरायची.

घरी बाबांनी विचारलं, "कशाला बोलावलं होतं गं?"

"खताचं काहीतरी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सातव्यावरची पाटी उपटली आणि ग्रीनच्या दिशेने पंधरा मीटर पुढे नेऊन रोवली. जुन्या खड्ड्यावर हिरवळीचा तुकडा असा बसवला की शोधून सापडू नये. मग तिसरा, मग बारावा. आता पाटीवर लिहिलेलं एकशेवीस आणि खरं अंतर एकशेपाच. म्हणजे यांच्या नऊ नंबरला जेवढं झेपतं तेवढंच. चेंडू मागे, जुन्या जागी पडला तरी पाटी बघून हे पंधरा मीटर जास्त धरणार आणि लांब जाणारी काठी काढणार. अंतर मोजायच्या दुर्बिणींना स्पर्धेत बंदी आहे, त्यामुळे पाटी सांगेल तेच खरं. हात धुताना मला स्वतःचीच किळस आली. या लोकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला मी शिडी धरली होती.

स्पर्धेत सातव्यावर शंभरातून सत्तेचाळीस पार झाले. दंतवैद्यांनी माइकवरून पन्नास सांगितले. बारमध्ये रात्रीपर्यंत ते साठ झाले असणार. बांधकामवाला माझ्याजवळ आला, तोंडातला घास न गिळताच म्हणाला, "बघितलंत? आम्ही म्हणत होतो ना, ग्रीनच बिघडलेलं. खत कोणतं घातलंत?" घासाचा एक कण माझ्या बाहीवर पडला. मी गोड हसले. असं हसायला मला आधी कधी जमलं नव्हतं.

बुलडोझर रद्द झाला. तेवढ्यावर भागलं असतं. पण सभासदांना आता उदार व्हायची हुक्की आली होती. ज्याने ग्रीन केलं त्याचा सत्कार करू, असं ठरलं आणि रविवारी मला न विचारताच ते बाबांना घरून गाडीत घालून घेऊन आले. मी धावत पोचले तेव्हा बाबा म्हणत होते, "मला पाटीपाशी उतरवा. तिथून ग्रीनपर्यंत मी माझा चालत जातो."

काम सोडण्याआधीची दोन वर्षं, गुडघे गेलेले असतानाही, ते रोज पाटीपासून ग्रीनच्या कडेपर्यंत काठी टेकत जायचे. एकशेऐंशी पावलं. नजर गेली तशी त्यांनी सगळं मैदान पावलांतच पाठ केलं होतं.

चाळीसेक माणसं दोन्ही बाजूंनी चालत होती. बाबा पुटपुटत मोजत होते. एकशेएकोणसाठला त्यांच्या पायाला ग्रीनचं बारीक गवत लागलं. ते थांबले. पाय मागे घेऊन पुन्हा टेकवला.

"पाटी हललीय," ते म्हणाले.

लोक हसले.

"पाटी कशी हलेल बाबा?" दंतवैद्य म्हणाले. "वय झालं की पावलं चुकतात."

"वयाने पावलं लहान होतात, डॉक्टर. आकडा वाढायला पाहिजे. घटला कसा?"

सरळ हिशेब होता, पोरालाही कळेल असा. बांधकामवाल्याने शेजाऱ्याकडे बघून स्वतःच्या कपाळाशी बोट गोल फिरवलं आणि डोळा मारला. त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं मला.

"सूनबाई," बाबांनी हाक मारली. "तू रोज इथे असतेस. तू सांग यांना."

सांगितलं असतं तर सोमवारी बुलडोझर आला असता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुढे होऊन बाबांचा हात धरला.

"ऊन लागलंय तुम्हाला, बाबा," मी म्हटलं. "मधली काही पावलं मोजायची राहिली असतील."

बोलता बोलता मी त्यांचा हात नको तितका आवळला होता. दिसत नव्हतं तरी त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग माझी बोटं एकदा घट्ट दाबली आणि लोकांकडे वळले.

"असेल," ते म्हणाले. "म्हातारा झालो. मोजायला चुकलो असेन."

"होतं असं, वाईट वाटून घेऊ नका," म्हणत दंतवैद्यांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. आपला चेंडू कुठवर जातो हे ज्याला तीस वर्षांत कळलं नाही, तो माणूस बाबांची समजूत काढत होता. बाबा मान हलवून हो हो म्हणत होते. टाळ्या सुरू झाल्या. मला ओकारी येईल असं वाटलं, आणि तरी मी तोंड बंद ठेवलं.