शुक्रवारचा कप्पा

मी एक जुना लॅपटॉप आहे. मित्रांनो, त्या शुक्रवारी मी दाखवलं ते खरं होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे भाग कुठे कुठे जुळले ते मला आठवत नाही. आठवतं ते कोलकात्यातलं डमडमचं घर, गच्चीवरून खाली उतरत जाणारी विमानं आणि देवयानीची बोटं. ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सहा वर्षं मी तिचं काम केलं. मग नवा लॅपटॉप आला. मला जेवणाच्या टेबलावर भिंतीशी जागा मिळाली आणि एकच काम उरलं: रोज सकाळी सातला सांगलीचे अण्णा दाखवायचे.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. वय एक्याऐंशी, घरात एकटे. कान पूर्ण गेलेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. ते पडद्यावर माणसांचे ओठ वाचत. त्यांच्या टॅबवर आमचा कॉल आपोआप उघडेल, अशी सोय देवयानीने करून ठेवली होती. सात वाजले की अण्णा गोळ्यांची डबी समोर धरत. सात वार, सात कप्पे. त्या दिवसाचा कप्पा उघडून गोळी जिभेवर ठेवली, की नात नूपुर टाळ्या वाजवी. त्यातल्या थोड्या टाळ्या माझ्याही आहेत, असं मला वाटे.

पण मला एक दुखणं होतं. माझं वाय-फायचं कार्ड जुनं. त्याला चालवणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम नवा आला, की दोघांचं जमत नसे. वीज वाचवायला तो कार्डाला झोपवून टाकी आणि बोलता बोलता मी

जोडणी तुटली. पुन्हा जोडत आहे.

मुका होई. देवयानीने जुना ड्रायव्हर परत बसवला आणि नवऱ्याला बजावलं, "गुरू, कोपऱ्यात अपडेट आलंय असं दिसेल. हात लावायचा नाही."

"बरं, मॅडम."

गुरुदत्त खिदिरपूरच्या गोदीवर कस्टममध्ये आहे. संध्याकाळी त्याच्या टेबलावर एकही कागद पडून राहत नाही, याचा त्याला अभिमान. गुरुवारी देवयानी कामासाठी भुवनेश्वरला गेली. त्याने मला उघडलं. कोपऱ्यात लिहिलं होतं: एक अपडेट पेंडिंग.

हा शब्द त्याला सोसत नाही. त्याने बटण दाबलं.

शुक्रवार. सात वाजले. अण्णा आले. चित्र चौकोनांत फुटलं, जुळलं, थिजलं.

"बाबा, आजोबांचं तोंड टेढं झालंय," नूपुर म्हणाली.

"टेढं नाही, वाकडं म्हणावं. आणि ते नेटवर्क आहे गं. मघाशी कान नव्हता का खांद्यावर?"

ती हसली. मी हसलो नाही. कान मी चुकीचा दाखवला होता. तोंड नाही.

जोडणी तुटली. पुन्हा जोडत आहे.

त्याने राउटर बंद करून चालू केला. मला बाल्कनीत नेलं. नेटवर्क पुसून पासवर्ड पुन्हा घातला. एकदा क्षणभर अण्णा दिसले. डबी त्यांच्या उजव्या हातातून घसरत होती.

"परत अडकलं," तो म्हणाला. "उद्या आई आली की बघेल." त्याने झाकण लावलं आणि तो ऑफिसला निघाला.

झाकणाखाली ते चित्र माझ्याजवळ राहिलं.

शनिवारी सकाळी देवयानी आली. "अपडेट केलंस ना?"

"पेंडिंग दिसत होतं."

दहा मिनिटांत तिने जुना ड्रायव्हर बसवला. चित्र इतकं स्वच्छ आलं, की अण्णांच्या मागचं कॅलेंडरही वाचता आलं. अण्णा खुर्चीतच होते. डबी मांडीवर पडलेली. शुक्रवारचा कप्पा बंद.

तोंड तसंच होतं.

"शेजारच्या सरलाकाकूंना फोन लाव," देवयानी ओरडली. "गुरू, लाव!"

काकू धावत आत आल्या, तेही मीच दाखवलं.

अण्णा वाचले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आता त्यांच्यापाशी दिवसरात्र माणूस असतो. सातला ते आमच्या घरचे ओठ वाचतात आणि उत्तर देतात. ते उत्तर कुणालाच वाचता येत नाही. गुरुदत्त माझ्या अगदी जवळ येऊन बसतो. "अण्णा, परत सांगा," म्हणतो. कोपऱ्यात अपडेट पेंडिंग असतं. तो तिकडे बघत नाही. जोडणी एकदाही तुटत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्यांची निगा राखा. आणि अडखळत का होईना, आम्ही काही दाखवलं, तर आधी पलीकडच्या माणसाची चौकशी करा. आम्हाला मागाहून दुरुस्त करता येतं.