मिशी असेल तिथे ही

उन्नतीच्या मामाची मिशी तुम्ही उतरवलीत, शिक्षणाधिकारी साहेब. वस्तरा न लावता, बसल्या खुर्चीतून, लाल पेनाने. बरं, नुसती मिशी उतरवून थांबला नाहीत. चांगल्या सहा फुटी बाप्याची बाई करून टाकलीत आणि वर शून्य मार्क दिलेत. आता गोष्ट पहिल्यापासून ऐका. मध्येच मीटिंग आठवली तरी उठू नका. तुमची मीटिंग कुठे पळून जात नाही, हे एव्हाना सगळ्या नावड्याला ठाऊक झालंय.

नावड्याच्या शाळेत उज्वला बाबर सातवीला इंग्रजी शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे कायम नाही, पण येते कायम. तिचा बाप जोतीराम साताऱ्याकडचा, वाशीच्या मार्केटात माथाडी होता. गाळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायचा. तो आवाज पोरीने उचलला. शाळेच्या कुंपणाला लागून तळोज्याच्या कंपन्यांचे ट्रक जातात, त्यामुळे वर्गात तिला बीएडपेक्षा बापाचा गळा जास्त उपयोगी पडतो.

इंग्रजी शिकवायची म्हणजे पहिलं भांडण 'ही' आणि 'शी' यांच्याशी. पहिलीपासून घोकून घेतलेलं असतं, तरी सातवीत पोरं ठेचकाळतात ती तिथेच. त्यांचंही बरोबर आहे. मराठी कानाला 'ही' म्हणजे बाई. ही मावशी, ही म्हैस. आणि 'शी' म्हणजे चपलेला लागते ती. आता इंग्रजीत 'ही' म्हणजे बाप्या आणि 'शी' म्हणजे बाई, हे पोराने कुठल्या तोंडाने मान्य करायचं? शिवतेज नावाचं कार्टं तर उभं राहून म्हणालं, "मॅडम, मी माझ्या आयला शी बोललो तं मना घरान जेवन नाय मिलनार."

वर्ग हसला. उज्वलाही हसली. मग तिने फळ्यावर एक मोठी मिशी काढली, अक्कडबाज, टोकं वर गेलेली. खाली लिहिलं: मिशी असेल तिथे ही.

"आनि मिशी नसंल तं?" शिवतेजने विचारलं.

"मग विचारून घ्यायचं," उज्वला म्हणाली. "इंग्रजी माणसं चांगली असतात, विचारल्यावर सांगतात."

पुस्तकात ही युक्ती नाही. पण तीन आठवड्यांत वर्गातल्या बायांच्या बाया झाल्या आणि बाप्यांचे बाप्ये. सगळ्यात पक्कं कुणाचं झालं असेल तर उन्नतीचं. उन्नती ही आगऱ्यांची पोर, दुसऱ्या बाकावर बसते, बोलते कमी. तिने वहीत जिथे जिथे 'ही' लिहिलं, तिथे डोक्यावर बारीक मिशी काढली. टिंबाएवढी. खात्री झाल्याशिवाय पुढचा शब्द लिहायचा नाही, अशी तिची रीत.

मग आलं पत्र. तुमच्या सातवीच्या इंग्रजी क्षमता चाचणीत दरवर्षी एक पत्र असतं, पाच मार्कांचं. वाढदिवसाच्या भेटीबद्दल अंकलचे आभार माना. बाजारातल्या गाइडात त्याचं तयार उत्तर आहे. त्यात अंकल घड्याळ पाठवतात, घड्याळामुळे लेखकाला वेळेचं महत्त्व कळतं. वर्षानुवर्षं अख्खा महाराष्ट्र त्या एका अंकलला एका घड्याळाबद्दल थँक्यू म्हणतोय. त्या बिचाऱ्याला अजून एकानेही विचारलं नाही, की बाबा, तू कसा आहेस.

उज्वलाने गाइड मिटायला लावलं. "खऱ्या माणसाला लिहा," म्हणाली. "अंकल म्हणजे कोण?"

"काका का मामा, मॅडम?" उन्नतीने विचारलं.

"इंग्रजीला फरक कळत नाही. तिला सगळे सारखेच."

"माझा काका आमच्याशी बोलत नाय," शिवतेज म्हणाला. "प्लॉटवरना भांडान झालंय. त्याला कनाला थँक्यू?"

"मग मामाला लिही. आणि मामाला मामाच लिहायचं, अंकल नाही. घरी ज्या नावाने हाक मारता, तेच पत्रात येतं. नावाचं भाषांतर करत नाहीत."

हे वाक्य उज्वलाचं. ते ध्यानात ठेवा, कारण पुढे तिची झोप उडाली ती याच वाक्याने.

चाचणी झाली. शहाण्या पोरांनी मॅडमचं ऐकल्यासारखं केलं आणि गाइडातलं घड्याळ उतरवून आली. त्यांना पाचात चार. शिवतेजलाही चार, त्याने न बोलणाऱ्या काकाकडून घड्याळ घेतलं. वर्गात एकटीनेच मॅडमचं खरोखर ऐकलं. उन्नतीला पत्रात शून्य. एकूण पन्नासपैकी अठरा.

वीसची अट आहे. वीस किंवा वर असलात तर आठवीला सेमीच्या तुकडीत, खाली असलात तर क तुकडीत. क तुकडीत काय असतं, ते तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो कसलं, तुम्हाला माहीत आहेच. तिथे इंग्रजीला शिक्षक नाही. तीन वर्षं जागा भरलेली नाही. तासाला शिपाई मारोतीकाका येऊन बसतो आणि पोरांकडून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवून घेतो. म्हणजे ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला तुम्ही नेमकं तिथे पाठवता जिथे ती शिकवायला माणूस नाही. असं डोकं चालायला खास प्रशिक्षण लागत असणार.

उज्वलाने अर्ज करून पेपरची झेरॉक्स मागवली. उन्नतीने लिहिलं होतं ते जसंच्या तसं असं:

"डिअर मामा, हाऊ आर यू. थँक्यू फॉर जॅकेट. इट शाइन. नाऊ ट्रक सी मी. आय टेल एव्हरीबडी, माय मामा गिव्ह. ही ड्राइव्ह ट्रेलर इन न्हावा शेवा. व्हेन आजा डाय, यू कट मुस्टाच. आय नॉट नो यू. आय क्राय. नाऊ मुस्टाच कम बॅक. डोन्ट कट अगेन. मामी से यू लुक थीफ, बट आय लाइक."

चुका आहेत. मोजायला बसलात तर हाताची बोटं पुरणार नाहीत. पण हे पत्र आहे, साहेब. आजा गेला तेव्हा मामाने दहाव्याला मिशी उतरवली, रीतच आहे. सहावीतली उन्नती दारात आलेल्या त्या गुळगुळीत तोंडाच्या माणसाला ओळखू शकली नाही आणि रडली. आजासाठी नीट रडू आलं नव्हतं, ते मामाच्या मिशीपायी आलं. मग मिशी वाढली आणि घरातलं सुतक खरं तेव्हा फिटलं. त्याच मामाने बंदरावर घालतात तसलं चमकणाऱ्या पट्ट्यांचं नारिंगी जॅकेट भाचीला दिलं, कारण ती सकाळी ट्रकच्या रस्त्याने चालत शाळेत येते. एवढं सगळं एका पोरीने परक्या भाषेत दहा ओळींत सांगितलं.

तुमच्या तपासणाऱ्याने 'मामा'ला गोल केला आणि लिहिलं, म्हणजे आई. मग 'ही'ला गोल केला आणि लिहिलं, शी पाहिजे. 'मुस्टाच'खाली दोन रेघा. आईला मिशी, विषयाला सोडून आणि अशोभनीय. शून्य.

'ही'च्या डोक्यावर उन्नतीने टिंबाएवढी मिशी काढली होती. ती त्या लाल गोलाच्या आत अजून तशीच होती.

मुख्याध्यापक हौसेराव सरांनी कागद वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "बाबर मॅडम, अवो, अंकल लिहिलं असतं तर काय बिघडत होतं?"

"मीच सांगितलं तिला मामा लिहायला."

"मग आता मीच सांगतो, गप बसा. सोमवारी तुकड्यांची यादी लागतीय. एका पोरीसाठी वर कशाला बोट दाखवायचं? तुमचं अजून कायम व्हायचंय."

"सर, तिला गाइड पाठ करायला लावलं असतं, तर आज ती सेमीत असती. माझं ऐकलं म्हणून ती क मध्ये चाललीय. उद्यापासून मी वर्गात कुठल्या तोंडाने म्हणू, स्वतःचं लिहा म्हणून?"

हौसेराव सरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. मग म्हणाले, "मार्कांच्या हरकतींची सुनावणी गुरुवारी असतीय. मी अर्जावर सही करतो, पण माझं नाव मोठ्याने घेऊ नका."

गुरुवारी तुमच्या कचेरीत तिघं आली. उज्वला, उन्नती आणि ट्रेलर यार्डात लावून आलेला गोटीराम मामा. तो आत शिरला तेव्हा आधी मिशी आली आणि मागून मामा. उन्नतीने भर उन्हात नारिंगी जॅकेट घातलं होतं. तुम्ही मीटिंगमध्ये होता. तुमच्या जागी तुमचे तज्ज्ञ बसले होते, गोरेगोमटे, दाढी-मिशी तुळतुळीत उतरवलेले. उत्तरसूचीही त्यांनीच केलेली, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

"सूचीत स्पष्ट आहे," तज्ज्ञ म्हणाले. "मॉम, ममा, मामा. सगळे आईसाठीचे शब्द."

"सर, तुम्ही मराठी आहात ना?" उज्वलाने विचारलं.

"घरी. इंग्रजीचा पेपर तपासताना मी मराठी माणूस नसतो."

गोटीराम खुर्चीच्या टोकावर बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मना एकच सांगा. मी बाई हाय का?"

"तसं नाही हो. तुम्ही व्यक्तिशः पुरुष आहात. पेपरात आई आहात."

"कोनाची?"

तज्ज्ञांना एकदम नियम आठवला. "हे बघा, पत्रातला मामा आणि हे गृहस्थ एकच आहेत, याला पुरावा लागेल. आधार कार्ड आणलंय?"

गोटीरामने काढून दिलं. आणि इथेच घात झाला. कार्ड त्याने गेल्या वर्षी नवीन करून घेतलं होतं, बाप गेल्यानंतर वारसाची कागदपत्रं करायची होती तेव्हा. फोटो मिशी उतरवलेला. तज्ज्ञांनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा समोरच्या अक्राळविक्राळ मिशीकडे आणि कार्ड बोटाने परत सरकवलं.

"यात मिशी नाही. तफावत आहे."

"ते पत्रातच लिहिलंय, सर," उज्वलाचा आवाज गाळ्याच्या त्या टोकापर्यंत गेला. बाहेरचे दोन कारकून उठून उभे राहिले. "मिशी का नाही, ते पोरीने लिहिलंय. तुम्ही अशोभनीय म्हणून रेघा मारल्यात ती हीच ओळ. वाचली असतीत तर पुरावा तिथेच होता."

"मॅडम, आवाज खाली. पत्रातला मजकूर सत्य असणं अपेक्षितच नाही. ते फक्त पत्र असतं."

उज्वलाने हातातली झेरॉक्स टेबलावर ठेवली. भांडण संपलं म्हणून नव्हे. दहा वर्षं ती ज्याच्याशी झगडत होती, ते याने एका वाक्यात, चहाचा कप उचलता उचलता सांगून टाकलं होतं.

"काय म्हणणं असेल ते लेखी द्या," तज्ज्ञ म्हणाले. "इंग्रजीत. विषय इंग्रजीचा आहे."

उज्वलाने पर्स उघडली, पेन काढलं आणि कागद पुढे ओढला. मग तो कागद तिने उन्नतीपुढे सरकवला.

"मी लिहू?" उन्नती म्हणाली.

"शून्य तुला मिळालंय. चुकलं तर चुकू दे, मी काही सुधारणार नाही."

उन्नतीने तुम्हाला 'डिअर सर' लिहिलं आणि तज्ज्ञांपाशी येऊन थांबली. खात्री झाल्याशिवाय पुढचा शब्द लिहायचा नाही, हे तिचं आधीच सांगितलंय. तिने मान वर केली, तज्ज्ञांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, नाकाच्या खाली, ओठांच्या वर.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, पण खोली लहान होती. "यांना मिशी नाय. विचारून घेऊ?"

गोटीरामला ठसका लागला. बाहेरचे कारकून बसले, पण तोंडावर फाइली धरून. उज्वला हसली नाही, तिने फक्त खिडकीकडे तोंड केलं. तज्ज्ञ लाल झाले, अगदी पेनाच्या रंगाचे. "पुरुष आहे मी," म्हणाले.

"थँक्यू सर," उन्नती म्हणाली. इंग्रजी माणसं विचारल्यावर सांगतात, हे तिला पटलं असावं. तिने 'ही' लिहिलं, डोक्यावर टिंबाएवढी मिशी काढली आणि पुढचं पत्र एका दमात पुरं केलं.

पत्र तुमच्या आवक खिडकीवर दिलंय. पोच घेतलीय, शिक्का स्पष्ट आहे. त्यात दोन मार्कांची भीक नाही आणि कृपया म्हणून एकही शब्द नाही, कारण तो शब्द अजून तिला नीट लिहिता येत नाही. ती म्हणते, तुमच्या तज्ज्ञांनी मला सांगितलं की ते 'ही' आहेत आणि मी लगेच विश्वास ठेवला, आधार मागितलं नाही. माझा मामाही 'ही' आहे. तुम्ही विश्वास ठेवला नाहीत. शेवटी एक प्रश्न आहे. व्याकरणाने पक्का आहे, उज्वलाने तीनदा वाचून पाहिला, काना इकडचा तिकडे करायची गरज पडली नाही.

यादी सोमवारी लागते. त्याआधी मीटिंगमधून उठा, खुर्ची मागे सारा आणि उत्तर द्या. आईला फोन करून विचारलंत तरी चालेल. व्हॉट इज युअर मामा, सर? तुमचा मामा काय आहे, ही की शी?