उलटा तास

आमच्या गटात शुक्रवारी दुपारी जेवणानंतर उलटा तास असायचा. भौतिकशास्त्रातल्या स्ट्रिंग थिअरीवर काम करणारे आम्ही सगळे एका खोलीत जमायचो आणि ज्याची पाळी असेल त्याने फळ्यापाशी उभं राहून स्वतःला जे पटतं त्याच्या नेमकं उलट बोलायचं. तेही मनापासून. मध्ये टोकायचं नाही. बोलणं संपलं की दुसऱ्याने उठून उत्तर द्यायचं. ही सरांची कल्पना. ‘आपल्या सिद्धांताला प्रयोगशाळेत मारणारं कोणी नाही, तेव्हा आपणच मारून बघायचं,’ असं ते म्हणत.

सर निवृत्त झाले, गट आटत गेला. आता उरले मी आणि दोन विद्यार्थी. आमचा गट ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला कमिटी बसली आणि बैठक नेमकी शुक्रवारी दुपारी, त्याच खोलीत. बाकीच्या खोल्यांना रंग लागत होता. गटाची बाजू मांडायला मी सरांना आणलं. हल्ली ते विसरतात, पण गणित विसरत नाहीत. गाडीत मी त्यांना चारदा समजावलं. ‘अगं, कळलं की! म्हातारा झालोय, बहिरा नाही,’ ते करवादले.

त्यांनी खडू उचलला आणि पहिल्याच वाक्याला माझ्या लक्षात आलं, सरांना हा उलटा तास वाटतोय.

“हा सिद्धांत मुळात अणूच्या गाभ्यातलं बळ समजावून घ्यायला काढला होता,” सर म्हणाले. “तिथे तो हरला. हरलेला पैलवान दुसऱ्या गावच्या आखाड्यात उतरतो, तसे आम्ही सगळ्या विश्वाचं कोडं सोडवायला निघालो. त्याला दहा मिती लागतात. दिसतात चार. उरलेल्या सहा कुठे, तर म्हणे गुंडाळून ठेवल्यात! कण एकमेकांवर आदळवणाऱ्या मोठ्या यंत्रात नवे कण सापडतील म्हणालो. नाही सापडले. मग म्हणालो, यंत्रच लहान आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.”

कमिटीतले लोक हसले. सर खुलले.

“आता तर आमच्या समीकरणांतून इतकी विश्वं निघतात की मोजता येत नाहीत. काहीही घडलं तरी कुठल्या तरी विश्वात ते बसतंच. जो ज्योतिषी पाऊस पडेल किंवा पडणार नाही असं सांगतो, तो कधीच चुकत नाही. पण त्याच्या भरवशावर छत्री कोण घेईल?”

ते खाली बसले. हात झटकले, खडूची पूड कोटावर उडाली. माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या. आता तुझं उत्तर.

“तुम्हाला काही म्हणायचंय?” कमिटीतल्या डीनबाईंनी मला विचारलं.

सर गोंधळलेत, असं सांगता आलं असतं. पण मग त्यांचं ते खुललेलं तोंड सगळ्यांदेखत पडलं असतं. दुसरा मार्ग उत्तर द्यायचा. मी उठले, फळ्यापाशी गेले. उत्तर येईना. भीती वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. दाताला भूल दिल्यावर गालावरून हात फिरवावा, तसं सगळं माझंच आणि माझं नसलेलं. मी “नाही” म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. गट बंद करायचं ठरायला चहा निवायचाही वेळ लागला नाही.

परतताना सर खिडकीबाहेर बघत होते.

“उत्तर का नाही दिलंस? सोपं होतं की.”

“काय होतं?”

“चुकलेल्या त्या पहिल्या गणितात एक कण सारखा लुडबुडत होता. आम्ही त्याला हाकलायला बघत होतो. शेवटी कळलं, ते गुरुत्वाकर्षण होतं. कोणी बोलावलं नव्हतं, आपणहून आलं. न बोलावता पाहुणा दारात आला तर का आलास एवढं तरी विचारावं की नाही माणसाने? आपण तेवढंच करतोय.”

उत्तर होतं तर. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला, मी गाडी पुढे घेतली.

त्यांच्या दारापाशी थांबले. सर सीटच्या पट्ट्याशी झटापट करत म्हणाले, “पुढच्या शुक्रवारी तुझी पाळी. पटत नाही तेच मांडायचं, लक्षात आहे ना? काय घेतेस?”

“आपली वर्षं फुकट गेली नाहीत, हे.”

सरांचा हात पट्ट्यावरच राहिला.

“अवघड घेतलंस गं,” ते म्हणाले.