जागचं हलायचं नाही

नरेंद्रने माझं पाकीट मारलं तेव्हा मी पोह्यांचा दुसरा घास घेत होतो. मारलं म्हणजे मागून येऊन, खांद्यावर हात टाकून, "लिंबू हवं का रे गिरीश?" असं विचारता विचारता त्याने ते खिशातून अलगद काढलं आणि टेबलावर आपटलं.

"पॅरिसमध्ये असतास तर आत्ता पासपोर्ट, ग्रीन कार्ड, सगळं गेलं असतं," तो म्हणाला. "आणि फॉल्ट तुझाच. मागच्या खिशात पाकीट ठेवतोस, यार, अजून!"

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमधलं कुठलंही मराठी कुटुंब भारतात जाताना वाटेत पॅरिसला उतरणार असलं, की आधी नरेंद्रच्या किचनमध्ये हजेरी लावत असे. तिकीट काढायचं, व्हिसा घ्यायचा आणि नरेंद्रचं ऐकून यायचं, अशी ती रीतच पडली होती. त्याची नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दुसऱ्यांनी केलेल्या कामात काय काय बिघडू शकतं हे शोधायचा त्याला पगार मिळे, आणि शनिवार-रविवारी तो तेच काम फुकट करी. माझ्या बायकोने, हिमानीने, येण्याचं साफ नाकारलं होतं. "मला त्याचं भाषण ऐकून जायची इच्छा उरणार नाही. तू ऐक आणि मला थोडक्यात सांग," म्हणाली. म्हणून मी एकटाच अडकलो होतो.

त्याच्या भीतीला कारण होतं, हेही सांगायला हवं. अमेरिकेत येण्याआधी तो काही महिने पॅरिसमध्ये एका प्रोजेक्टवर होता. तिथल्या मेट्रोत कुणीतरी गोड बोलून वाट दाखवली आणि पासपोर्ट लांबवला. नवीन कागद हातात येईपर्यंत बहिणीचं लग्न होऊन गेलं होतं. त्या लग्नाच्या अल्बममध्ये नरेंद्र कुठेच नाही. एवढं झाल्यावर माणूस त्या शहराचं नाव घेणार नाही, पण हा दर वर्षी चार-पाच कुटुंबांना तिथे पोहोचवून सुखरूप परत आणत होता, तेही खुर्चीवरून न उठता.

"तर मेन गोष्ट," त्याने बोट वर केलं. "कोणी येईल, म्हणेल डू यू स्पीक इंग्लिश? नो. कोणी मनगटात दोरा बांधायला येईल, नो. कोणी म्हणेल मी हेल्प करतो, त्याला तर डबल नो. आणि चुकामूक झाली तर? जो मागे राहिला त्याने जागचं हलायचं नाही. जो पुढे गेला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं. सिंपल."

"आणि समजा पुढे गेलेलाच हरवला तर?"

"गिरीश, तू ना उगाच फाटे फोडतोस."

त्याची बायको शैलजा ओट्यापाशी चहा गाळत होती. ती न वळता म्हणाली, "आईबाबांना पण हेच पढवलंय. बाबांकडून तर रोज फोनवर म्हणून घेत होता, पाढ्यासारखं."

नरेंद्रचे आईवडील त्याच वेळी पॅरिसमध्ये होते. मनोहरकाका आणि नंदाकाकू, दोघंही सत्तरीच्या आसपासचे, अकोल्याहून पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेले. काकूंना ते शहर बघायचं होतं. तीन दिवस तिथे राहून मंगळवारी ते शिकागोला उतरणार होते. मोठ्या बॅगा विमानतळावरच ठेवायच्या, अंगावरचे कपडे आणि एक पिशवी एवढंच हॉटेलात न्यायचं, पासपोर्ट, पैसे, औषधं, हॉटेलचं कार्ड सगळं काकूंच्या कमरेच्या शिवलेल्या पिशवीत, कारण चोर पुरुषांचे खिसे चाचपतात, अशी सगळी व्यवस्था इथून झाली होती.

तेवढ्यात फोन वाजला. नरेंद्रचे हात पोह्यांचे होते, म्हणून शैलजाने स्पीकरचं बटण दाबलं.

"नरू," काकूंचा आवाज आला. "नरू, हे हरवले रे."

नरेंद्र उभा राहिला. "हरवले म्हणजे? आई, तू कुठे आहेस?"

"मी हॉटेलात. गाडी आली, मी चढले, हे मागे होते, आणि दार लागलं. काचेतून दिसत होते रे मला. हात केला त्यांनी."

"मग तू पुढच्या स्टेशनवर उतरलीस ना?"

"उतरले. परत आले. पण ती जागाच नव्हती ती. जिने, बोगदे, ते सरकते पट्टे... मी फिर फिर फिरले. शेवटी एकदम रस्त्यावरच आले. मग टॅक्सीवाल्याला कार्ड दाखवलं." त्या रडायला लागल्या. "सकाळी झालंय हे. मला वाटलं, येतील, येतील."

इथे तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. म्हणजे तिथे दुपार उतरणीला लागलेली. मी मनातल्या मनात हिशेब करायला गेलो आणि सोडून दिला. काकांना डायबेटीस होता हे मला ठाऊक होतं.

"स्टेशनचं नाव काय?" नरेंद्रने विचारलं.

"मला नाही रे आठवत."

"सरकते पट्टे होते म्हणालीस ना? लांबलचक? आई, तिथे उतरून दुसरी गाडी घ्यायची होती ना तुम्हाला?"

"हो, हो. तूच सांगितलेली."

"शातले," तो पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, "शातले आहे ते. बाबांकडे काय आहे? खिशात काही?"

काकूंनी नाक ओढलं. मग म्हणाल्या, "रुमाल."

नरेंद्रने आईला फोन ठेवायला लावला आणि हॉटेलच्या रिसेप्शनचा नंबर फिरवला. त्याचं फ्रेंच त्याच्या सांगण्यापेक्षा बरंच कच्चं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. दोन वाक्यांनंतर तो इंग्रजीवर आला. पलीकडची बाई शांत आवाजाची होती. तिने वर्णन लिहून घेतलं: पांढरा शर्ट, खाकी पँट, राखाडी स्वेटर, चष्मा. ती मेट्रोच्या माणसांशी बोलून परत फोन करणार होती.

मग आम्ही बसून राहिलो. मला निघावं असं वाटत होतं, पण अशा वेळी उठून जाणं वाईट दिसलं असतं. चहावर साय धरली. शैलजाने नवऱ्याच्या हाताला लागलेले पोहे ओल्या फडक्याने पुसले, आणि त्याने पुसू दिले. एरवी तो असं काही कुणाला करू देत नाही.

"मेडिसिन नाही, पैसे नाहीत," तो म्हणाला. "पाण्याची बाटलीसुद्धा नाही. मी सगळं आईकडे का दिलं?"

मला खरं तर राग आला होता. माणसाला स्वतःच्या खिशात एक कागदही ठेवू द्यायचा नाही, हे काय शहाणपण? पण त्याचं तोंड बघून मी त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला.

फोन आला. ती रिसेप्शनवालीच होती. तिचा स्वर आता जरा गोंधळलेला होता. "सर, ते सापडले आहेत. चार नंबरच्या लाइनच्या प्लॅटफॉर्मवर, बाकावर बसले आहेत. पण ते येत नाहीत."

"येत नाहीत म्हणजे?"

"दोन कर्मचारी गेले होते. ते फक्त नो म्हणतात. पाणी दिलं, नो. नाव विचारलं, नो. हात धरायला गेले तर त्यांनी बाक घट्ट धरला. आता तिथे पोलीस आहेत. पोलिसांनाही नो. त्यांचं म्हणणं आहे, की गृहस्थ आजारी असतील तर ॲम्ब्युलन्स बोलावून उचलून न्यावं लागेल."

"नो, नो!" नरेंद्र ओरडला, आणि एकदम थबकला. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला ऐकू आला असावा. "प्लीज, उचलू नका त्यांना. ते घाबरतील. मी... पाच मिनिटं द्या."

फोन ठेवून तो आमच्याकडे वळला. "ते माझं ऐकताहेत रे. मी सांगितलं म्हणून ते बसलेत. आता त्यांना कसं सांगू, की उठा?"

शैलजाने सासूबाईंच्या खोलीचा नंबर लावला. नरेंद्रने सगळं सांगितलं. काकू सावकाश म्हणाल्या, "मला वाटलंच. अरे, हे पस्तीस वर्षं वीज मंडळाच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते. रिलीव्हर आल्याशिवाय यांनी कधी खुर्ची सोडली का? तुझ्या जन्माच्या वेळी पुढच्या पाळीचा माणूस उशिरा आला, तर हे दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले. पोलीस काय, देव आला तरी उठायचे नाहीत."

"मग आई, तूच जायला हवं."

"एकटी? परत त्या बोगद्यांत? नाही रे बाबा. तूच म्हणालास, एकटीने कुठे जायचं नाही, अनोळखी माणसाबरोबर तर नाहीच. टॅक्सीत बसले तेव्हाच माझे प्राण कंठाशी आले होते."

नरेंद्रने टेबलाची कड धरली. सगळ्या आयुष्यात त्याने ज्या एका गोष्टीपासून लोकांना लांब ठेवलं होतं, तीच आता त्याला आईला करायला सांगायची होती. कुणीतरी गोड बोलणारं माणूस आणि मेट्रो.

"आई, ऐक. खाली काउंटरवर ती बाई आहे ना, तिला मी सांगतो. तिच्याबरोबर जा. तिचा हात धर. ती म्हणेल तिथे चढ, ती म्हणेल तिथे उतर."

"आणि ती तसली निघाली तर?"

"नाही निघणार."

"तुला काय माहीत?"

"मला काही माहीत नाही, आई," तो म्हणाला. "तू जा फक्त."

शैलजाने फोन जवळ ओढला. "आई, मी बोलतेय. पिशवीत साखरेचा खडा असेल तो घ्या. पाणी घ्या. आणि जा."

ती बाई खरंच काउंटर दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देऊन काकूंना घेऊन निघाली. त्यानंतरचा वेळ मी कधी विसरणार नाही. नरेंद्र किचनमध्ये चकरा मारत होता. बाहेर कुणीतरी लॉन मोवर चालवत होतं आणि त्याचा आवाज डोक्यात जात होता. मध्येच नरेंद्र म्हणाला, "त्यांना ऐकू कमी येतं. ट्रेन आल्या की जास्तच. प्रत्येक ट्रेनचं दार उघडलं की बघत असतील ना, आई उतरते का?" शैलजाने माझ्यापुढची थंड प्लेट उचलली, सिंकपर्यंत नेली आणि पुन्हा आणून माझ्यासमोरच ठेवली.

हिमानीचा माझ्या सेलवर फोन आला, "झालं का भाषण?" मी "नंतर सांगतो" म्हणून कट केला.

शेवटी फोन वाजला. नरेंद्रचं बोट बटण सोडून दोनदा भलतीकडेच गेलं.

"आणलं रे," काकू म्हणाल्या. "खोलीवर आहोत. साखर दिली, गोळी दिली. आता आंघोळ करताहेत."

नरेंद्र खाली बसला. खुर्ची होती म्हणून बरं, नाहीतर जमिनीवरच बसला असता. शैलजाने डोळ्यांना पदर लावावा तशी टी-शर्टची बाही लावली. मी इतका मोकळा झालो, की हसलोच.

"ती पोरगी फार गुणी रे," काकू सांगत होत्या. "हात सोडला नाही माझा. मला बघितल्यावर हे उठले. म्हणाले, आलीस? बस, एवढंच."

"बरे आहेत ना पण?"

काकूंनी आवाज एकदम खाली आणला. पण स्पीकर चालू होता आणि आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "नरू, त्यांना काही विचारू नकोस हं. त्यांना जायचं होतं रे, केव्हाचं. यांना दर तासाला लागतं, तुला माहीत आहे. पण जागचं हलायचं नाही म्हणाला होतास. बाकावरच... स्वेटर कमरेला बांधून आले माझ्याबरोबर. त्या पोलिसांसमोर कसे चालले, त्यांचं त्यांनाच ठाऊक. दुसरी पँट मोठ्या बॅगेत आहे, ती विमानतळावर."

मी खाली पोह्यांकडे बघत राहिलो. स्पीकर बंद करायला हवा होता, पण तिघांपैकी कुणाचाही हात पुढे गेला नाही. पलीकडे दाराची कडी वाजली. काकू मोठ्याने म्हणाल्या, "हे आले बघ. बोल."

"नरू?" मनोहरकाकांचा आवाज अगदी खणखणीत होता, ऐकू कमी येणाऱ्या माणसांचा असतो तसा. "सगळं ठीक आहे. काळजी करू नको. तू सांगितलं होतं तसंच केलं. जागा सोडली नाही."

"हो, बाबा."

"युनिफॉर्मवाले आले होते. फार आग्रह करत होते. म्हटलं, नो."

"बरोबर केलंत, बाबा."

"हं. बरं, एक विचारायचं होतं. उद्या सकाळी इथे कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पँट घ्यावी म्हणतो. नुसतीच. दिसली म्हणून. तर इकडे पँटला काय म्हणतात? दुकानात काय म्हणून मागायचं?"

नरेंद्रने डोळे मिटले. शैलजाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पाँतालाँ," तो म्हणाला.

"काय?"

"पाँतालाँ, बाबा."

"थांब, लिहून घेतो." पलीकडे पेन शोधल्याची खुडबुड ऐकू आली. "हां, सांग. पाँ... ता... लाँ. बरोबर?"

"बरोबर, बाबा," नरेंद्र म्हणाला. "अगदी बरोबर."