अंगाऱ्यावरची पिल्लं

फैजपूरजवळच्या त्या मठात सकाळीच चपलांचा ढीग पडायचा. चौरंगावर टोपली, टोपलीत केसांच्या गादीवर सशाची पिल्लं. डोळे मिटलेली, अंगावर लव नाही, पण पोटं टम्म. लांब कोपऱ्यात, पिंजऱ्यात त्यांची आई. लोक दिवसभर बसून पाहायचे. सशीण कोथिंबीर खायची, डुलक्या घ्यायची. पिल्लांकडे ढुंकूनही बघायची नाही.

"आईनं टाकलं, अंगाऱ्यानं सांभाळलं," महाराज डोळे मिटून सांगत. "दूध म्हणजे मोह. माझा अंगारा म्हणजे कोरडं अमृत. पाण्यात कालवा, चिमूटभर पुरे."

सशीण भटूभाऊंची. नातवंडांसाठी बाजारातून आणली, ती कुणाच्या ध्यानीमनी नसताना व्याली. पिल्लांजवळ फिरकेना म्हणून घाबरून त्यांनी टोपली आणि पिंजरा मठात आणून ठेवला होता.

रूपा भिंतीला टेकून बसली होती. तिची महिन्याची मुलगी सासूच्या, धुरपदाबाईंच्या मांडीवर होती. पोरीचं वजन वाढत नव्हतं. महाराज म्हणाले, आईच्या दुधातच दोष आहे. परवापासून पोरीच्या तोंडात फक्त अंगाऱ्याचं पाणी जात होतं. काल ती किरकिरत तरी होती. आज रडतही नव्हती. रूपाचा ब्लाउज दुधानं भिजला होता.

"आई, एकदाच घेऊ द्या."

"मले काय पोर नको हाये का?" धुरपदाबाईंचे डोळे सुजले होते. "त्या पिल्लाइले पाह्य. जगून राह्यले ना?"

पिल्लं खरंच जगत होती. नवरा हितेंद्रही आईच्याच बाजूनं होता. रात्री उशिरा तिनं धुळ्याला नणंदेला फोन लावला. नूतन तिथं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची.

"आईच्या हातातून पोर घे आणि दवाखान्यात जा."

"देत नाहीत, ताई. पिल्लं दाखवतात."

"सशीण पिल्लांजवळ कधीच नसते?"

"नाही. पहाटेच्या पूजेलाच काय तो पिंजरा चौरंगाच्या पडद्याआड नेतात."

"मी निघाले."

पहाटे ती मठात पोचली तेव्हा रूपा आणि धुरपदाबाई तिथंच होत्या, पूजा व्हायची होती. गाडी तिनं दारातच उभी ठेवली. आत येऊन थेट एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि मोबाइलच्या उजेडात धुरपदाबाईंसमोर धरलं. पोट खपाटीला गेलेलं, कातडीला सुरकुत्या.

"पूजेआधी शिवू नये, ताई," महाराज म्हणाले. "सोवळं मोडतं."

"ठेवते. तुमची पूजा होऊ द्या."

पडदा ओढला गेला. घंटा वाजली, थोडा वेळ मंत्र झाले. पडदा उघडला तेव्हा पिंजरा पुन्हा कोपऱ्यात होता. नूतननं तेच पिल्लू उचललं. पोट गोल झालं होतं आणि पातळ कातडीखाली पांढरं काहीतरी स्पष्ट दिसत होतं.

"आई, अंगारा कसल्या रंगाचा असतो?"

"करडा."

"मग हे काय आहे?"

धुरपदाबाई वाकून पाहत राहिल्या.

"दूध," त्या हळूच म्हणाल्या.

"सशीण दिवसातून एक-दोनदाच पाजते, तेही काही मिनिटं. एरवी मुद्दाम लांब राहते. तिच्या मागावर मांजर, कुत्रं पिल्लांपर्यंत येऊ नये म्हणून. तिनं पिल्लं टाकलेली नाहीत. यांना ते ठाऊक आहे, म्हणून पडदा."

"देव परीक्षा पाहतोय," महाराज म्हणाले.

"पाहू द्या," भटूभाऊ उठले. "सशीण मी घरी नेतो. पिल्लं तुम्ही अंगाऱ्यावर वाढवा."

महाराजांनी टोपलीकडे पाहिलं. "पिल्लंही न्या," ते म्हणाले. मागून कुणीतरी हसलं.

धुरपदाबाईंनी पोर रूपाच्या ओटीत ठेवली. रूपानं तिला छातीशी धरलं, पण त्या ओठांत ओढायचं बळ उरलं नव्हतं.

"गाडीत बस. जळगावला," नूतन म्हणाली. मग दारातून गर्दीकडे वळली. "आपल्याला दिसलं नाही म्हणून ते घडलंच नाही, असं नसतं. कुणी पडदा लावला तर उघडायला सांगा. आणि बाळ निपचित पडलं तर मठात बसू नका, डॉक्टरकडे न्या."

गाडी निघाली. रूपानं दुधाचा एक थेंब बोटावर घेऊन पोरीच्या ओठांना लावला. तो ओघळून गेला. दुसराही गेला. धुरपदाबाईंनी पदराचं टोक पुढं केलं आणि पोरीची हनुवटी पुसली. रूपानं तिसरा थेंब लावला. नखाएवढी जीभ बाहेर आली.